अंबाजोगाईचा वांदा

बीड जिल्हा म्हटले की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर फूल येत नाही. दुष्काळ येतो, कोरडी विहीर येते, दसरा उलटला की बैलगाड्या आणि ट्रकांतून बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला निघणारी माणसे येतात. चित्र खोटे नाही, पण पुरेही नाही. याच बीड जिल्ह्यात ऑर्किडची फुले फुलतात असे मी आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सांगितले, तेव्हा एका गृहस्थांनी चहाचा पेला खाली ठेवून माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले, की जणू मी लातूरला समुद्र असल्याचे सांगितले! आपल्या दृष्टीने ऑर्किड म्हणजे लग्नाच्या स्वागतसमारंभात वधूवरांच्या पाठीमागे लावलेली ती जांभळी फुले. वास नाही, कोमेजण्याची घाई नाही, आणि भाव विचारला तर यजमानांचा चेहरा मात्र कोमेजतो. असले श्रीमंत फूल आणि बीड? पण वाचकहो, मी ते या डोळ्यांनी पाहिले आहे, या नाकाने हुंगले आहे, आणि म्हणूनच हा लेखप्रपंच.

ज्येष्ठाचे दिवस होते. अंबाजोगाईला एका व्याख्यानाच्या निमित्ताने जायचे होते. मराठीच्या मास्तराला अंबाजोगाईचे निमंत्रण म्हणजे वारकऱ्याला पंढरीचे. जुन्या लोकांच्या तोंडी या गावाचे नाव 'जोगाईचे आंबे'. मराठीच्या आद्य ग्रंथकारांत ज्याची गणना होते त्या मुकुंदराजांची समाधी इथे. गीतेवर प्रचंड 'गीतार्णव' रचणारे आणि लांबलचक कापडाच्या पासोडीवर 'पंचीकरण' लिहून ठेवणारे दासोपंतही इथलेच. 'विवेकसिंधु' शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये लिहिला गेला अशी परंपरा आहे. मात्र तो विदर्भातल्या आंभोऱ्यास लिहिला की या जोगाईच्या आंब्यास, यावर पंडितांनी बरीच शाई आटवली आहे. अशा वादाच्या गावी जायचे म्हणून मी उत्साहात होतो. बरोबर आमचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मित्र होते. त्यांना मुकुंदराजांशी काही कर्तव्य नव्हते. "तुम्ही खाली पोथ्या बघा, मी वर झाडे बघतो," एवढी अट घालून ते निघाले होते.

केज मागे पडून एसटी अंबाजोगाईच्या दिशेने जाऊ लागली की बालाघाटचा डोंगर आपला स्वभाव दाखवू लागतो. सह्याद्रीसारखा तो अंगावर येत नाही. माळ चालता चालता एकाएकी खचतो आणि खाली दरी दिसते. उन्हाने करपलेले गवत, काळा दगड, सीताफळीची झुडपे, मधूनच एखादी बाभळ. गावात योगेश्वरीचे देऊळ, जयंती नदी, जुने वाडे. निजामी अमलात या गावाला मोमिनाबाद म्हणत आणि इथे घोडदळाची छावणी होती. स्वामी रामानंद तीर्थांनी इथल्याच योगेश्वरी शाळेत मुलांना शिकवले, आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. पण गावातल्या बोलीत उर्दू शब्द अजून असे मिसळून गेले आहेत, की ते वेगळे काढायचे म्हटले तर वाक्यच उसवेल.

मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर दरीच्या कुशीत आहे. दर्शन घेऊन परतताना आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हांला आपल्या शेतावर नेले. तिथे बांधावर एक जुने गावरान आंब्याचे झाड होते, आणि झाडाखाली त्याचे वडील, सारे त्यांना तात्या म्हणतात, एका गड्याला सूचना देत उभे होते. गड्याच्या हातात कोयता होता. शिडी झाडाला लावलेली होती.

"राम राम सर. बरं झालं आलात. आज या झाडाचा निकाल लावतोत," तात्या म्हणाले.

"कामून हो? तोडता की काय?" मी त्यांच्याच बोलीत विचारले.

"झाड न्हाई, बांडगूळ. चार-पाच वर्सं झाली, आंबा धरंना. माझ्या वडलांनी लावलंय हे झाड. लोक म्हणतेत विकून टाका, लाकडाचे पैसे येतेल. म्हणलं एकदा बांडगुळं साफ करून बघू. न्हाई धरला तर मग व्यापाऱ्याला सांगतो."

आमचे मित्र वर पाहत होते, ते एकदम ओरडले, "थांबा, थांबा! ते नका काढू!" गड्याने कोयता आवरला. तात्यांनी आमच्या मित्रांकडे पाहिले. शहरातून माणसे येतात आणि शेतकऱ्याला शेती शिकवतात याचा त्यांना पुरेसा अनुभव असावा, असे त्या पाहण्यात होते.

आंब्यावर दोन प्रकारची परकी वस्ती होती. एक होते खरे बांडगूळ: जाड पानांचे, नारिंगी नळीदार फुलांचे. फुलटोच्या पक्षी त्याची फळे खातो, चिकट बी फांदीला पुसतो, आणि ते बी तिथे रुजून थेट लाकडात शिरते. आणि दुसरे होते ते हे. बुंध्याच्या दुबेळक्यावर बसलेले, दोन बाजूंना पट्ट्यासारखी चिवट पाने ओळीने काढलेले, बोरूएवढ्या जाडीची पांढुरकी मुळे सालीवर पसरलेले. त्या पानांच्या बगलेतून दोन दांडे निघाले होते आणि प्रत्येकावर सहा-सात फुले होती.

मी शिडीवर चढून जवळून पाहिले. फूल रुपयाच्या नाण्याहून चांगले मोठे. पाकळ्या पिवळट हिरव्या, त्यांवर तपकिरी रेघांची जाळी, जणू एखाद्या बाईने इरकलीच्या चौकड्या बघून त्या पाकळीवर उतरवल्या असाव्यात. पाकळ्यांची कड किंचित मुरडलेली. आणि मधोमध पुढे आलेली ओठासारखी पाकळी मात्र निळसर जांभळी. आणि वास! गोड, मंद, आंब्याच्या चिकाच्या उग्र वासातून वेगळा ओळखू येणारा. ज्या ऑर्किडला वास नसतो म्हणून आपण नाके मुरडतो, त्याच घराण्यातले हे फूल.

मित्रांनी शब्द खर्च केले नाहीत. त्यांनी गड्याला बांडगुळाची एक फांदी आंब्याच्या फांदीसकट कापायला सांगितली. ती उभी चिरली. बांडगूळ आणि आंबा यांची लाकडे एकमेकांत मिसळलेली होती. जोडाजवळ फांदी गाठीसारखी फुगली होती आणि पुढे वाळत चालली होती. मग त्यांनी या दुसऱ्या झाडाचे एक मूळ नखाने हळूच उचलले. खालची साल जशीच्या तशी. ना भोक, ना ओरखडा. "हे झाडावर बसते, झाडाला खात नाही. याचे पाणी हवेतले आणि पावसाचे, याचे अन्न सालीवर साचलेल्या धुळीकचऱ्यातले," मित्र म्हणाले. त्यांनी बाटलीतले थोडे पाणी त्या मुळावर ओतले. पांढुरके मूळ बघता बघता हिरवे झाले. मुळाभोवती स्पंजासारखे एक कोरडे आवरण असते. ते पाणी प्यायले की आतला हिरवा रंग दिसू लागतो.

तात्यांनी ती चिरलेली फांदी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग त्या मुळाकडे पाहिले. बराच वेळ ते बोलले नाहीत. शेवटी गड्याला म्हणाले, "ते पिवळं-लाल फुलाचं सगळं काढ. ह्याला हात लावू नको." आणि आमच्याकडे वळून, "ह्याचं नाव काय म्हणलात?"

"वांदा," मित्र म्हणाले.

तात्या मोठ्याने हसले. "आमच्याकडं आधी कमी वांदे हायेत का, म्हणून हा झाडावर चढून बसलाय!"

आता नावाचा विषय निघाला म्हणजे मराठीच्या मास्तराला गप्प बसवत नाही. 'वंदा' हा शब्द संस्कृतातला. अमरकोशात तो आहे, आणि त्याच्या शेजारी 'वृक्षादनी' व 'वृक्षरुहा' हेही आहेत. वृक्षादनी म्हणजे झाडाला खाणारी, आणि वृक्षरुहा म्हणजे झाडावर वाढणारी. तात्यांच्या आंब्यावर त्या दिवशी या दोघी शेजारीशेजारी बसल्या होत्या; कोशाने त्यांना एकाच पंक्तीला बसवले, आणि लोकांनीही तोच हिशेब धरला. त्यामुळे वृक्षादनीचे पाप वृक्षरुहेच्या माथी आले.

कलकत्त्याचे न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांनी हा शब्द उचलला आणि 'वंदा' या नावाने एका वनस्पतीचे वर्णन केले. ते १७९५ साली, त्यांच्या निधनानंतर छापून आले. त्याच वर्षी विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या आपल्या सचित्र ग्रंथात हेच झाड 'एपिडेंड्रम टेसेलेटम' म्हणून दिले. टेसेलेटम म्हणजे लहान लहान चौकोनांच्या फरशीसारखे. इरकलीच्या चौकड्या मला दिसल्या, त्या साहेबाला रोमन फरशीत दिसल्या इतकेच. पुढे १८२० साली रॉबर्ट ब्राऊन यांनी 'वांदा' हे स्वतंत्र कुटुंबनाव शास्त्रात रूढ केले. आज या झाडाचे शास्त्रीय नाव 'वांदा टेसेलाटा'. म्हणजे गंमत पाहा: साऱ्या जगातले बागवान ज्या नावाने लाखो रोपे विकतात ते नाव आपल्या अमरकोशातले, आणि आपण त्या झाडाला म्हणतो बांडगूळ! वैद्य मंडळी मात्र त्याला ओळखून आहेत. 'रास्ना' या एका नावाखाली देशात ठिकठिकाणी निरनिराळी मुळे विकली जातात, त्यांत याचेही मूळ असते, आणि ते सांधेदुखीवर देतात.

रात्री तात्यांच्या ओसरीवर ज्वारीची भाकरी आणि पिठले खाऊन आम्ही बसलो, तेव्हा मित्रांनी ऑर्किडच्या संकराची हकिगत सांगितली. ती इथे थोडक्यात देतो, कारण लग्नातल्या त्या जांभळ्या फुलांचे कूळ तिच्यात आहे.

ऑर्किडच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगळे नसतात. दोहोंचा मिळून एकच स्तंभ असतो, आणि पराग सुटे नसून त्यांच्या गोळ्या असतात. त्यामुळे या फुलांचे लग्न कसे लावायचे हेच युरोपातल्या माळ्यांना पुष्कळ दिवस कळेना. इंग्लंडात एक्सेटर येथे व्हीच यांच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी नावाचा माळी होता. जॉन हॅरिस नावाच्या एका डॉक्टरने त्याला त्या फुलाची रचना समजावून दिली. डॉमिनीने कॅलँथी जातीच्या दोन ऑर्किडांचा संकर केला, आणि १८५६ साली त्या संकराला फूल आले. माणसाने फुलवलेले हे पहिले संकरित ऑर्किड. ते पाहून लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञाने, आता शास्त्रज्ञांना वेड लागायची पाळी येणार, असे उद्गार काढल्याचे सांगतात. त्याचे भाकीत फारसे चुकले नाही.

कारण ऑर्किडच्या जाती एकमेकींत सहज मिसळतात. रानात त्यांना वेगळे ठेवतात ते त्यांचे कीटक, त्यांचे मोसम आणि त्यांचे डोंगर. माणसाने परागाची गोळी चिमटीत धरून इकडची तिकडे नेली की ती बंधने संपतात. खरी अडचण बियांची होती. ऑर्किडचे बी धुळीसारखे. त्यात कोंबाच्या शिदोरीला काही ठेवलेलेच नसते. रानात एक विशिष्ट बुरशी त्या बियाला दाईसारखी भरवते, तेव्हा ते उगवते. हे फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ साली ओळखले, आणि १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या गोठीव पोषकावर, बुरशीशिवायच, बी उगवून दाखवले. त्यानंतर मग काचेच्या बाटल्यांतून ऑर्किडची बाळे पलटणींनी बाहेर पडू लागली. आज निसर्गातल्या जाती पंचवीस हजारांच्या वर आहेत, आणि नोंद झालेले संकर एक लाखाहून अधिक!

एवढ्यांची बारशी करायची म्हणजे नियम हवेत. विसाव्या शतकाच्या आरंभी सँडर नावाच्या व्यापाऱ्याच्या घराण्याने या संकरांच्या याद्या छापायला सुरुवात केली, आणि १९६१ पासून लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ही जन्मनोंद ठेवते. नियम असा की, दोन ठरावीक आईबापांची सगळी प्रजा, केव्हाही आणि कुठेही झालेली असो, एकाच नावाने ओळखायची. आसामकडच्या खासी टेकड्यांतला निळा वांदा आणि फिलिपाइन्सचा सँडेरियाना यांची संतती १९३१ पासून 'रॉथशिल्डियाना'. दोन कुटुंबांचा संकर झाला तर नावांचाही संकर: अस्कोसेंट्रम आणि वांदा मिळून 'अस्कोसेंडा'. आपल्या गवयांनी बसंत आणि बहार मिळून बसंतबहार केला, त्यातलाच प्रकार. आणि तीन कुटुंबे एकत्र आली की एखाद्या माणसाच्या नावाला 'आरा' जोडायचे. सिंगापूरच्या मोक नावाच्या गृहस्थांवरून 'मोकारा' झाले. त्यांचे दांडे हल्ली मुंबई-पुण्याच्या फूलबाजारातही दिसतात.

पण नावे ठेवून शास्त्रज्ञांचे समाधान होत नाही. ती बदलल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. २०१२ साली अस्कोसेंट्रम हे वांदाच्याच घरात आणून बसवले गेले आणि अस्कोसेंडा पुन्हा नुसता वांदा झाला. सिंगापूरमध्ये १८९३ साली अ‍ॅग्नेस जोआकिम या बाईंच्या बागेतला संकर 'वांदा मिस जोआकिम' म्हणून प्रसिद्धीस आला; १९८१ साली तो त्या देशाचे राष्ट्रीय फूल झाला. तोपर्यंत शास्त्राने त्याचे आईबाप वांदाच्या घरातून काढून दुसऱ्या घरी घातले होते. लोक मात्र अजून वांदाच म्हणतात. मोमिनाबादचे पुन्हा अंबाजोगाई झालेल्या गावात बसून ही हकिगत ऐकताना आम्हांला नवल वाटले नाही.

तात्या हे सर्व शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे हायब्रीडच की!"

या शब्दामागे मराठवाड्याचा सबंध इतिहास आहे. १९६४ साली ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. पुढे दुष्काळाच्या दिवसांत त्या ज्वारीने पोटे भरली हे कोणी नाकारत नाही. पण मालदांडीची भाकरी खाल्लेल्या जिभेने तिला कधी मनापासून आपले म्हटले नाही. तेव्हापासून 'हायब्रीड' हा शब्द इथे पिकापुरता राहिला नाही. दिसायला मोठे आणि आत पोकळ असे जे जे काही, त्याला हायब्रीड म्हणायचे. नवी पिढीसुद्धा हायब्रीड! आपल्या पोथ्यांनीही 'संकर' हा शब्द फारशा प्रेमाने वापरलेला नाही.

"हायब्रीड म्हणल्यावर वास कुठला राहायला," तात्या म्हणाले.

"इथेच तर मौज आहे," मित्र म्हणाले. "मलायात 'मिमी पामर' म्हणून एक वांदा आहे. मोठा सुगंधी. बहुतेक बागेतल्या वांद्यांना वास नसतो, याला आहे. कारण याच्या आईबापांपैकी एक आहे तुमच्या आंब्यावरचा हा वांदा टेसेलाटा. बागवाल्यांना याच्याकडून तोच वास हवा असतो, आणि उन्हातान्हात टिकायची याची चिवटपणाची सवय हवी असते."

तात्या काही वेळ कंदिलाकडे पाहत राहिले. वीज गेली होती. मग ते म्हणाले, "म्हणजे गावरान हाये म्हणून हायब्रीडला वास हाये."

मला वाटते, एवढ्या मोठ्या शास्त्राचे सार कोणी इतक्या थोड्या शब्दांत सांगितले नसेल. संकर वाईट नाही. ज्या बोलीत ते वाक्य आले ती बोली तरी कुठे निर्भेळ आहे? तिच्यात मुकुंदराजांची मराठी आहे आणि मोमिनाबादची उर्दूही आहे, आणि ती ऐकायला गोड लागते. पण संकराला मूळ लागते. कुंडीतले फूल हरवले तर बाटलीतून दुसरे काढता येईल; आंब्यावरचा हा गावरान वांदा हरवला तर त्याचा वास कुठल्या बाटलीतून आणणार? आणि त्याच्यावर कोणी कोयता चालवला नाही तरी तो हरवू शकतो. रस्ते रुंद होतात आणि कडेची जुनी झाडे जातात. बांधावरचा गावरान आंबा धरत नाही म्हणून विकला जातो. झाड कापणाऱ्याला बुंध्यावर काय बसले आहे हे बघायला वेळ नसतो. वृक्षरुहेला वृक्षच उरला नाही, तर अमरकोशातल्या नावाचे करायचे काय?

दुसऱ्या दिवशी निघताना तात्यांनी आम्हांला झाडाखालून वळसा घालून नेले. बांडगुळाचा ढीग बांधावर वाळत पडला होता. झाड उघडे, थोडे केविलवाणे दिसत होते. पण दुबेळक्यातला वांदा फुललेला होता. "यंदा व्यापाऱ्याला न्हाई सांगत," तात्या म्हणाले. "दोन बहार बघतो. धरला तर धरला." आंबा पुढल्या वर्षी धरेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. आमचे मित्रही सांगू शकले नाहीत. बांडगूळ काढल्याने झाडाला बळ येईल, पण म्हातारपण काढता येत नाही, एवढेच ते म्हणाले. तात्यांनी मान हलवली. त्यांना ते नवे नव्हते.

भाद्रपदात आमच्या विद्यार्थ्याचा निरोप आला. वांद्याच्या दोन फुलांच्या जागी बोटाएवढ्या शिराळ शेंगा धरल्या आहेत. तात्या येणाऱ्याजाणाऱ्याला त्या दाखवतात आणि "ह्याचा काही वांदा न्हाई, हाच वांदा हाये," असे म्हणून स्वतःच हसतात. या शेंगा पिकायला कित्येक महिने लागतात. हा दिवाळी अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा त्या अजून हिरव्याच असतील. पुढे कधी तरी त्या उभ्या तडकतील, आणि धुळीएवढी असंख्य बीजे बालाघाटच्या वाऱ्यावर निघतील. त्यांतले बहुतेक सगळे वाया जाईल. एखादेच एखाद्या खडबडीत सालीवर टेकेल, आणि तिथे त्याला भरवणारी बुरशी भेटली तर उगवेल. अट एकच: ती साल ज्या झाडाची, ते झाड तोवर उभे असले पाहिजे.